दोन कार्डांवरचे आबा

आबा भिंतीवरून पडले याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो कोणाच्या बाजूला पडले याचा.

घराच्या मधोमधची ती भिंत आबांनीच घातलेली. फुटलेल्या पाण्याच्या पंपावरून थोरला आणि धाकटा मुलगा वेगळे झाले, तेव्हा बाहेरचा गवंडी आणायला दोघांनीही नकार दिला. बाहेरच्या गवंड्याला भाऊ आतून पटवेल आणि भिंत बोटभर सरकेल, असा दोघांनाही संशय. मग जन्मभर लोकांची घरं बांधलेल्या बापाने स्वतःच्या घरात भिंत घातली. आत छतापर्यंत नेली, अंगणात मात्र छातीइतकीच ठेवली. विटा संपल्या, म्हणाले. विटा संपल्या नव्हत्या हे दोन्ही सुनांना माहीत होतं, कारण उरलेल्या विटांवर दोघींची पाण्याची पिंपं उभी होती.

तेव्हापासून आबा पंधरा दिवस इकडे आणि पंधरा दिवस तिकडे राहत. मुक्काम हलवायच्या दिवशी रस्त्याने वळसा घालून जाणं त्यांना पाहुण्यासारखं वाटे, म्हणून ते स्टुलावर चढून अंगणातली भिंत ओलांडत. या वेळी एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे असताना काहीतरी हललं. थोरला म्हणे, ते पडले धाकट्याच्या बाजूला, कारण धाकट्याचं स्टूल डुगडुगतं. धाकटा म्हणे, पडले ते थोरल्याच्या बाजूला, कारण वहिनी तिथे साबणाचं पाणी ओततात. आबांना विचारलं तर ते म्हणाले, "खाली पडलो."

खुब्याचं हाड मोडलं होतं.

सरकारी दवाखान्यात, एक्स-रेची खोली आणि स्ट्रेचर धुवायची जागा यांच्यामध्ये, गरीब कुटुंबांच्या विमा योजनेच्या दोन खिडक्या होत्या. त्यातली एकच उघडी होती. तिच्यातल्या मॅडमचा आवाज कधी चढत नसे की उतरत नसे, त्यामुळे माणूस बरा होणार की नाही हे त्यांच्या बोलण्यावरून कळायला मार्ग नव्हता. आबांचा अंगठा सिमेंटने केव्हाच झिजलेला, यंत्रावर उमटेना. म्हणून त्यांनी वॉर्डात जाऊन आबांचे डोळे यंत्राला दाखवून आणले होते. आता त्या पडद्याकडे बघत होत्या.

"हे गृहस्थ दोन कुटुंबांत आहेत," त्या म्हणाल्या.

"एकाच वेळी?" थोरल्याने विचारलं.

"एकाच दिवशी. सकाळी एका कुटुंबात, दुपारी दुसऱ्यात."

त्यांनी पडदा वळवला. नोंदणीची गाडी गल्लीत आली होती त्या दिवशीचे दोन फोटो. पहिल्यात आबा थोरल्याच्या शर्टात होते, दुसऱ्यात धाकट्याच्या. चेहरा मात्र दोन्हीकडे, काही बोलू नका असं बजावून बसवलेल्या माणसाचा. सकाळी थोरल्याने त्यांना आपल्या कार्डावर घातलं, कारण धाकटा घालणार अशी कुणकुण त्याला लागली होती. दुपारी धाकट्याने घातलं, कारण थोरल्याने घातलं असेल असा त्याला दाट संशय होता. दोघांनी बायकांनाही सांगितलं नव्हतं. दोन्ही बायकांना माहीत होतं.

मॅडमनी समजावून सांगितलं. एक माणूस दोन कार्डांवर दिसला की सिस्टीम दोन्ही कार्डं अडवते. दोघांपैकी एकाने फक्त लिहून द्यायचं, की सदर व्यक्ती माझ्या कुटुंबात नाही. लगेच दुसऱ्याचं कार्ड मोकळं होईल आणि ऑपरेशन सरकारी खर्चाने होईल. मात्र हे आज संध्याकाळपर्यंत व्हायला हवं, कारण उद्याच्या ऑपरेशनांची नावं संध्याकाळी वर जातात. पुढची पाळी पुढच्या आठवड्यात. आणि हाडांच्या डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, या वयात तितकं थांबलो तर म्हातारबुवा पुन्हा उभे राहायचे नाहीत. बाहेरच्या दवाखान्यातला खर्चही त्यांनी सांगितला होता, पण तो असाध्य रोग सांगावा तसा, हळू आवाजात, थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवून.

म्हणजे एक ओळ लिहायची होती. ती लिहायला कोणीच पुढे होईना.

कारण ज्याच्या कार्डावर आबा त्याचं घर, अशी एक बातमी होती. थोरला हातगाडीवर कुकर आणि शेगड्या दुरुस्त करायचा, त्याने ती एका गळक्या कुकरच्या मालकाकडून ऐकली होती. धाकटा एका इमारतीत लिफ्टमन होता. तिथली लिफ्ट बंद पडल्यापासून ती बंद आहे एवढंच सांगायला तो बसायचा, आणि त्याने ती बातमी जिन्याकडे निघालेल्या एका गृहस्थाकडून ऐकली होती. दोघांनी मॅडमना आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, कार्ड आजारपणासाठी आहे, घराशी त्याचा काडीचा संबंध नाही. यावर दोघांचाही संशय बळावला. इतक्या ठामपणे सरकारी माणूस कधी बोलतो?

थोरला भावाकडे बघत राहिला. संबंध नसेल तर हा सोडत का नाही, असं त्याच्या मनात आलं. ज्याअर्थी सोडत नाही, त्याअर्थी वकिलाला विचारून बसलाय. नेमक्या त्याच वेळी धाकट्याच्या मनातही हेच, याच शब्दांत चाललं होतं. वाटणीनंतरही दोघांकडे सारखी उरलेली तेवढी एकच गोष्ट होती.

"लिही की," थोरला म्हणाला. "तुझ्या कार्डावर आधीच गर्दी आहे."

"जन्मदात्या बापाला माझा नाही म्हणू? तू म्हण."

"मी थोरला आहे."

"म्हणून तर आधी तू, दादा."

रांगेत मागे उभ्या असलेल्या एका कुबडीवाल्या बाईंनी पदराने डोळे टिपले. तासाभरात सगळ्या वॉर्डात झालं, की खाली दोन मुलगे आहेत, सरकार म्हणतंय बाप सोडा, आणि एकही सोडायला तयार नाही. वॉर्डातले लोक पाणी आणायच्या निमित्ताने खाली जाऊन दोघांना बघून आले. आबांच्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त वॉचमन होता. त्याची मुलं एकदाही फिरकली नव्हती. तो आबांकडे अशा काही नजरेने बघायला लागला, की आबांनी मान दुसऱ्या बाजूला वळवली. पायाला वजन लावून तो ताणून ठेवलेला, म्हणून मान तेवढी वळत होती.

दोन्ही सुना पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी भेटल्या.

अधिकृतरीत्या त्यांचं बोलणं बंद होतं. रोज दुपारी नवरे कामावर गेले की अंगणातल्या भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून त्या तासभर बोलत, पण ते बोलण्यात धरत नसत. इथे मध्ये भिंत नव्हती. धाकटीला एकदम कळेना, जाऊबाईंपासून किती लांब उभं राहायचं. जवळ गेलं तर लाडीगोडी वाटेल, लांब राहिलं तर ओरडून बोलावं लागेल. तिने मध्ये पाण्याची बाटली धरली.

धाकटी झेरॉक्सच्या दुकानात होती. प्रत काढल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिथे काम करून तिच्या अंगात भिनलेलं. तिने सरळ तोडगा काढला. एकीच्या नवऱ्याने आबांना कार्डावरून काढावं, आणि त्या बदल्यात दुसरीच्या नवऱ्याने लिहून द्यावं की घर दोघांचं, अर्धं-अर्धं. थोरली लगेच हो म्हणाली.

इथेच धाकटीला खटकलं. शाळांच्या गणवेशांना काजं-बटणं करणारी ही बाई दोरा तोडतानासुद्धा दोनदा विचार करते, आणि इथे पाणी भरेपर्यंत हो म्हणाली? काहीतरी आहे. उलट थोरलीला वाटत होतं, ही झेरॉक्सवाली. अर्ध्या घराचा कागद हिच्या हातात पडला, की संध्याकाळपर्यंत त्याच्या पन्नास प्रती होतील, आणि पन्नास अर्धी म्हणजे किती घरं होतात कोण जाणे.

"पण आधी कोण लिहिणार, ताई?" धाकटीने विचारलं.

"दोघं एकदम लिहू देत."

"पेन एकच आहे."

"मग राहू दे," थोरली म्हणाली. तिने बाटली भरली, झाकण लावलं, आणि दोघी वेगवेगळ्या जिन्यांनी वर गेल्या.

आबा सगळं जाणून होते. पडल्यापडल्या त्यांना ऐकायला भरपूर वेळ होता, आणि वॉर्डातले लोक त्यांचं अभिनंदन करायला येत तेव्हा खालची बातमीही देऊन जात. खाटेची पायाकडची बाजू उंच राहावी म्हणून तिच्याखाली विटा लावल्या होत्या. भाजणीत कच्च्या राहिलेल्या विटा, एकीला तर आत्ताच तडा गेला होता. त्यांनी नर्सला तसं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही झोपा.

त्यांना पुन्हा उभं राहायचं होतं. दुसरं काही नको होतं. गेली कित्येक वर्षं ते ज्या दोन घरांत राहत होते, त्या दोन्हीकडे झोपून पडलेल्या माणसाला किती दिवस पाणी वेळेवर मिळेल याचा त्यांना अंदाज होता. उभा माणूस भिंत ओलांडतो. आडव्याला उचलून न्यावं लागतं, आणि कोणी उचलायचं यावर पुन्हा एक पंप फुटला असता.

कार्डाची हाव जायला हवी असेल तर कार्डाची भीती बसायला हवी, एवढं त्यांना उमगलं. त्यांनी थोरल्याला जवळ बोलावलं. इकडेतिकडे बघून म्हणाले, इथल्या एका जुन्या पेशंटने सांगितलंय, विम्याची मर्यादा संपली की वरचा सगळा खर्च, पुढचे व्यायाम, औषधं, उद्या काही बिघडलं तर तेही, ज्याच्या कार्डावर माणूस त्याच्याकडून वसूल करतात. घर बघत नाहीत, दार बघत नाहीत.

ही शुद्ध थाप होती. बोलून झाल्यावर आबा थोडे थांबले. असू दे आबा, बघू काय होईल ते, असं काहीतरी हा म्हणेल, म्हणून.

"कुठून कळलं तुम्हाला?" थोरल्याने विचारलं. "लिहिलेलं आहे का कुठे?"

तो गेल्यावर आबांच्या मनात आलं, हा सोडेल की नाही याचा काय भरवसा. सोडलं नाही तर संध्याकाळ जायची. एका बाजूने ओळंबा लावून त्यांनी आजवर एकही भिंत सोडली नव्हती. दुसऱ्या बाजूनेही लावून बघायची त्यांची सवय. त्यांनी धाकट्याला बोलावलं आणि त्यालाही तेच सांगितलं, त्याच पेशंटच्या हवाल्याने. पुन्हा थोडे थांबले. इथे तरी.

"दादाला माहीत आहे का हे?" धाकट्याने विचारलं.

"नाही."

"सांगू नका."

दोघांपैकी एक नक्की सोडणार, याची आता आबांना खात्री झाली. आणि एक धरून ठेवणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. त्याशिवाय हिशोब जमत नव्हता. त्यांनी डोळे मिटले.

जेवणाच्या सुट्टीनंतर खाली योजनेची दुसरी खिडकीही उघडली. दोन खिडक्यांच्या मध्ये एक जाड खांब होता. खांबाच्या अलीकडे थोरला उभा होता. सदर व्यक्ती माझ्या कुटुंबात नाही, हे वाक्य त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, सही केली, फोटो काढून घेतला. मनातून त्याला धाकट्याची दया येत होती. बिचाऱ्याला कळायचंसुद्धा नाही काय गळ्यात पडलं ते. शेवटी लहान भाऊ, अडीनडीला आपणच बघू, असंही त्याने ठरवून टाकलं.

खांबाच्या पलीकडे धाकटा फोटोसाठी केस नीट करत होता.

दोघं एकाच वेळी मागे सरले आणि खांबाला वळसा घालताना समोरासमोर आले.

"पाणी प्यायला आलो होतो," थोरला म्हणाला.

"मी पण," धाकटा म्हणाला. पंप फुटल्यापासून पहिल्यांदाच दोघं एकमेकांकडे बघून हसले. धाकट्याने तर दादाच्या शर्टावरचा धागासुद्धा काढला.

तेवढ्यात मॅडमनी दोघांना हाक मारली. त्या कधी नव्हे ते उभ्या राहिल्या होत्या.

"तुमचे वडील आता कुठल्याच कुटुंबात नाहीत," त्या म्हणाल्या.

काय झालं ते कळायला दोघांना वेळ लागला. कळल्यावर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. याच्याकडे घाला, थोरला म्हणाला. नाही, दादाकडे घाला, तो मान आहे त्याचा. मॅडम म्हणाल्या, ते आता होत नाही. काढलेलं नाव जुन्या कुटुंबात पुढच्या नोंदणीपर्यंत परत जात नाही. एकच मार्ग राहिलाय. माणसाने स्वतः सांगितलं, की मी एकटा आहे, तर एका माणसाचंसुद्धा कुटुंब करता येतं. मात्र ते त्यानेच सांगायला हवं, मुलांनी सांगून चालत नाही.

संध्याकाळ व्हायला आली होती. मॅडम यंत्र घेऊन वॉर्डात गेल्या. मागे दोन भाऊ, त्यांच्या मागे दोन सुना. शेजारचा वॉचमन मिरवणूक बघायला उठून बसला.

मॅडमनी आबांना आहे तसं सांगितलं. दोघांनीही नाव काढलंय, म्हणाल्या.

"एकाने," आबा म्हणाले.

"दोघांनी."

आबांनी थोरल्याकडे पाहिलं. थोरला पायाला लावलेल्या वजनाकडे बघत होता. मग त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. तोही वजनाकडेच बघत होता. वॉचमन हळूच आडवा झाला आणि त्याने चादर डोक्यावर ओढली.

"उशी जरा वर करा," आबा म्हणाले. दोन्ही सुना एकदम पुढे झाल्या. एकीने उशी उचलली, दुसरीने आबांची मान. त्यांनी ते एकमेकींकडे न बघता इतकं बिनबोभाट केलं, की रोजचं काम असावं.

मॅडमनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुटुंबप्रमुख?

"मी."

"कुटुंबात आणखी कोण?"

दोघे भाऊ किंचित पुढे वाकले. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. धाकटी म्हणाली, आमची नावं नुसती लिहायला काय हरकत आहे? मॅडम म्हणाल्या, तुमची नावं तुमच्या कार्डांवर आहेत, एका माणसाला दोन कुटुंबं चालत नाहीत, आत्ताच बघितलंत ना.

"आणखी कोणी नाही," आबा म्हणाले.

त्यांचे डोळे पुन्हा यंत्राला दाखवले. या वेळी वेळ लागला, कारण डोळे पुसायला दोनदा थांबावं लागलं. उजेडाने पाणी येतं असं, आबा म्हणाले. मॅडमनी मान डोलावली. मग यंत्र वाजलं, कार्ड मोकळं झालं आणि आबांचं नाव वर गेलं.

बाहेरच्या बाकावर दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले. धाकट्याने विचारलं, दादा, तुला वसुलीचं कोणी सांगितलं? थोरल्याने सांगितलं. धाकट्याने आपलं सांगितलं. पेशंट एकच, शब्द एकच.

"म्हणजे म्हाताऱ्याने मुद्दाम केलं," थोरला म्हणाला.

"मला सांगताना पाय दुखतच नव्हता त्यांचा. कण्हले नाहीत एकदाही."

"आता वेगळं कुटुंब झालं. म्हणजे घर एकट्याच्या नावावर."

"ते पहिल्यापासून त्यांच्याच नावावर आहे," थोरली म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती. हे खरं होतं, आणि इतक्या वर्षांत ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दोघे भाऊ एकमेकांच्या आणखी जवळ सरकले. वकिलाकडे जायचं तर एकत्र जाऊ, फी एकच पडेल, असं धाकटा म्हणाला. थोरल्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. धाकटीला आपल्या नवऱ्याचा इतका संशय पूर्वी कधी आला नव्हता. तिने थोरलीकडे पाहिलं. थोरली आधीपासून तिच्याकडेच बघत होती.

सकाळी आबांना हिरवे कपडे घालून ट्रॉलीवर घेतलं. ऑपरेशनच्या दाराशी नवीन नर्स होती. तिने कार्ड पाहिलं, त्यावरचं एकुलतं एक नाव वाचलं, आणि ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना कठडा धरून उभ्या असलेल्या दोन माणसांकडे बघितलं.

"बाबा, बरोबर कोण आहे?"

"शेजारी," आबा म्हणाले. "चांगले आहेत. हाक मारली की येतात."

नर्सने तसं लिहून घेतलं. ते खोडा असं म्हणायला थोरल्याने तोंड उघडलं, पण आधी धाकटा काय म्हणतो ते बघावं म्हणून तो थांबला. धाकटाही त्याच्याकडेच बघत थांबला होता. तोवर ट्रॉली आत गेली होती.